माळावरची फुले ओळखा, नावे लिहून ठेवा



फाल्गुन लागला की आपले बालाघाटाचे डोंगर करडे पडतात. गवत वाळलेले, ओढे आटलेले. अशा दिवसांत 'फुले बघायला चला' म्हटले तर घरची माणसे हसतील. पण मांजरसुंब्याच्या घाटात एस.टी.च्या खिडकीतून नुसते पाहिले तरी उघड्याबोडक्या उतारावर मधूनच केशरी जाळ दिसतो. तो पळस.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात हिवाळ्यात पाऊस पडतो. म्हणून तिथे वसंतात जमिनीलगतची इवली रोपे फुलतात आणि लोक ती बघायला मुद्दाम हिंडतात. आपला पाऊस जून ते सप्टेंबरचा. आपल्याकडची जमिनीवरची नाजूक फुले भाद्रपद-आश्विनातच येऊन जातात. फाल्गुन-चैत्रात फुलतात ती बहुतेक खोल मुळांची झाडे आणि काटेरी झुडपे. तेव्हा या दिवसांत नजर आधी वर ठेवावी, मग खाली.

वर पाहिले की तीन लाल झाडांची गल्लत होते. पळस, पांगारा आणि काटेसावर. तिन्ही पाने गाळून फुलतात. पळसाचे फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकडे, देठाजवळची वाटी काळसर मखमली, खोड वेडेवाकडे पण बिनकाट्याचे. पांगाऱ्याचे फूल गडद लाल, फांदीच्या टोकाला झुपक्याने येते आणि फांदीवर काटे असतात. काटेसावरीचे फूल मोठ्या पेल्याएवढे, पाच जाड पाकळ्यांचे. 'पळसाला पाने तीन' हे सर्वांना पाठ असते, पण पांगाऱ्यालाही पाने तीनच! नुसत्या पानावर विसंबू नका, काटा बघा. सावरीचे पान हाताच्या पंजासारखे, त्यामुळे पालवी आल्यावर तिची ओळख सोपी.

आता खाली पाहू. पडीक रानात, रस्त्याकडेला, नदीच्या कोरड्या पात्रात पिवळेधमक फूल दिसते, पानावर पांढऱ्या रेघा आणि कडेला काटे. हा पिवळा धोत्रा. पान मोडले की पिवळा चीक येतो, ही पक्की खूण. नाव धोत्रा असले तरी हा खसखशीच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोकडचा. याची ओळख घरातल्या प्रत्येकाला हवी, कारण याचे काळे बी मोहरीसारखे दिसते आणि ते विषारी आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली. लोकांचे पाय सुजले, धाप लागली, साठांहून अधिक माणसे दगावली. सुटे तेल, सुटी मोहरी घेणाऱ्या आयाबहिणींनी हे लक्षात ठेवावे.

रिंगणी जमिनीला चिकटून पसरते. जांभळे, चांदणीसारखे फूल, मध्ये पिवळे केसर, आणि काटे तर पानाच्या शिरेवरसुद्धा. रुईचे फूल मुलांना फार आवडते, पण तिचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, हे त्यांना आधीच सांगा. एकदांडीला कोणी दगडीपाला म्हणतात. लांब दांडीवर एकच फूल, म्हणून एकदांडी.

नेपती मात्र शोधावी लागते. पानेच नाहीत, नुसत्या हिरव्या काटेरी काड्या, आणि त्यांवर विटकरी लाल फुले. हीच राजस्थानच्या वाळवंटातली केर, तिच्या फळांचे तिकडे लोणचे घालतात. तरवडाला या दिवसांत फुलांपेक्षा चपट्या शेंगा जास्त दिसतील. त्याच्या सालीने कातडी कमावत. हे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीत येते, पण ज्यांच्या हातांनी ती साल सोलली त्यांच्या घरांत अजून त्याच्या कितीतरी गोष्टी निघतील.

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. आई-बापांबरोबर गेलेली लेकरे हंगाम संपवून परततात तोवर पळस बहुतेक गळालेला असतो. त्यांच्यासाठी बहावा आहे. चैत्राच्या अखेरीपासून पिवळे घोस लोंबू लागतात, शेजारीच काठीसारख्या लांब काळ्या शेंगा. उन्हाळ्याच्या सुटीत या मुलांना एक सकाळ सौताड्याच्या दरीकडे किंवा गावामागच्या माळावर न्या. ऊन चढण्याआधी परत फिरा, पाणी बरोबर घ्या. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात गेलात तर काही तोडू नका. बघून, वहीत चित्र काढून भागते.

वहीत प्रत्येक फुलापुढे चार गोष्टी लिहाव्यात. पाकळ्या किती, पान कसे, काटा किंवा चीक आहे का, आणि गावात त्याला काय म्हणतात. आता मोबाइलवर फोटो दाखवून नाव मिळते. सोय चांगलीच आहे. मात्र सरपणाला, गवताला डोंगर तुडवलेल्या आजीच्या तोंडी असलेले नाव त्यात सापडेलच असे नाही.

ते नाव लिहायची सरकारी जागाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायला सांगितले. गावात कोणती झाडे, त्यांची नावे काय, उपयोग काय, हे त्यात लिहायचे असते. २००४ च्या नियमांत समितीवर नेमायच्या सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असावेत, असे सांगितले गेले. तुमच्या ग्रामपंचायतीत ही नोंदवही मागून पाहा. ती लिहिताना आपल्या वस्तीवर कोणी विचारायला आले होते का, हे म्हाताऱ्या बायांना विचारा. आले नसेल, तर मुलांनी भरलेली वही घेऊन पुढच्या ग्रामसभेला त्यांनाच पुढे बसवा.