जागच्या जागी दिवे घाट

जून लागला की सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन निरोप हमखास येतात. पहिला : ‘उद्या पाऊस, राइड कॅन्सल.’ दुसरा : ‘मान्सून व्हर्च्युअल चॅलेंज! १०० किमी, फिनिशर मेडल, ई-सर्टिफिकेट, टी-शर्ट.’ दुसऱ्याची जाहिरात देखणी असते. धुकं, घाट, धबधबा आणि रेनकोटमधला हसरा सायकलस्वार. प्रत्यक्षात करायचं काय, तर आपल्याच रोजच्या रस्त्यावर आपलीच सायकल चालवायची, मोबाइलने नोंदवलेलं अंतर संयोजकांना पाठवायचं आणि कुरिअरवाल्याची वाट बघत बसायचं. मान्सून असतो तो मेडलवर छापलेला.

घरात सायकल चालवण्याला माझा आक्षेप नाही. खड्डे पाण्याने भरलेले, पहाटेचा अंधार आणि मागून येणारा डंपर, अशा दिवसांत घरात पेडल मारणारा माणूस मला शहाणाच वाटतो. दूरदूरच्या माणसांनी एका वेळी, आपापल्या घरून, एकत्र सायकल चालवावी ही कल्पनाही झकास आहे. तक्रार एवढीच, की संयोजकांची सगळी कल्पकता मेडलच्या डिझाइनवर खर्च होते आणि राइडच्या वाट्याला काही उरत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सायकलचं मागचं चाक काढून ती एका जड यंत्रावर बसवायची. हा स्मार्ट ट्रेनर. समोरच्या पडद्यावरचा रस्ता चढाला लागला की तो पेडल जड करतो. २०१४ साली आलेल्या झ्विफ्ट या अ‍ॅपने या यंत्रासाठी वाटोपिया नावाचं अख्खं काल्पनिक बेट रचलं. त्यात ज्वालामुखी आहे आणि फ्रान्समधल्या आल्प द्युएझ घाटाची नक्कलही आहे, २१ वळणांसकट. सुमारे १२ किलोमीटरांत हजार मीटरहून थोडी जास्त चढण. बेट खोटं, पण मांड्यांना येणारे गोळे खरे. एकाच चढावर पुन्हा पुन्हा चढून एव्हरेस्टची ८,८४८ मीटर उंची भरून काढायची, याला ‘एव्हरेस्टिंग’ म्हणतात. या नकली घाटावर त्यासाठी साडेआठ खेपा लागतात. एवढं केलेल्या माणसाला मेडल मिळालं काय नि न मिळालं काय. कल्पना थेट त्याच्या पायांपर्यंत पोचलेली असते.

कोरोनाच्या साली बेल्जियमच्या लोकांनी हे फार नेमकं ओळखलं. त्यांची टूर ऑफ फ्लँडर्स ही सायकल शर्यत ठरल्या दिवशी होऊ शकली नाही. तेव्हा त्याच दिवशी, ५ एप्रिल २०२० ला, १३ व्यावसायिक सायकलपटू आपापल्या घरी ट्रेनरवर बसले आणि मार्गाच्या शेवटच्या ३२ किलोमीटरची शर्यत लागली. ग्रेग व्हान आव्हरमाट जिंकला. मला संयोजकांचं डोकं दिसतं ते त्या ३२ च्या आकड्यात. अडीचशे किलोमीटरची शर्यत अशी घरातून कुणी पाहिली नसती. त्यांनी नेमका तो तुकडा उचलला, ज्यात क्वारेमाँट आणि पाटरबर्ग हे दगडी फरसबंदीचे चढ येतात. सायकलवेड्या बेल्जियमला ते तोंडपाठ आहेत. जुलैत टूर द फ्रान्सनेही झ्विफ्टवर सहा टप्प्यांची आभासी शर्यत भरवली. पुरुषांना आणि महिलांना मार्ग तोच, अंतर तेच. रस्त्यावर मात्र महिलांची टूर पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडावं लागलं.

त्याच आषाढात इकडे माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. रस्त्यावर वारी नव्हती. आमच्या ग्रुपची पालखी मार्गावरची घरगुती राइड सुरू झाली ती तेव्हा, आणि अजून चालू आहे. दरवर्षी पालखी पुढे गेल्यावरच्या एका रविवारी, सकाळी साडेसहाला. ग्रुपमधल्या एकाची मुलगी न्यू जर्सीत असते. तिथे तेव्हा शनिवारच्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. मुलाला झोपवून ती व्हिडिओ कॉलवर येते.

स्मार्ट ट्रेनर आमच्यात मोजक्यांकडे, कारण तेवढ्या पैशांत इथे एक बरी सायकल येते. बाकी कुणाकडे चुंबकाचा जुना ट्रेनर, कुणी सोसायटीच्या जिममधल्या सायकलवर. एका काकांची व्यायामाची सायकल एरवी टॉवेल वाळत घालायच्या कामी येते. अशा गोतावळ्यात किलोमीटर मोजण्यात अर्थ नसतो. म्हणून आम्ही मिनिटं मोजतो. ५० मिनिटं. पंचविशीतल्या गड्याला आणि सत्तरीतल्या काकूंना ती सारखीच लांब असतात. (काकूंना जरा कमीच असावीत, त्या कुरकुर करत नाहीत.) जोर किती लावायचा याच्या तीन पायऱ्या ठरलेल्या आहेत. गप्पा मारता येतात ती पहिली, वाक्य तुटायला लागतं ती दुसरी, बोलती बंद होते ती तिसरी. याला कुठलंही यंत्र लागत नाही.

पुणे सोडून हडपसरपर्यंत पहिली पायरी. मग दिवे घाट : बारा मिनिटं, दुसरी पायरी, गिअर जड, आणि सॅडलवरून उठायचं नाही. सासवडला दम खायचा. नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, तिथे आम्ही सगळे एकदम पेडल सोडून पाणी पितो आणि तोंड पुसतो. लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब येतो, पहिल्या उभ्या रिंगणाची जागा. वारकरी दुतर्फा उभे राहतात आणि मधून अश्व दौडत जातो. पडद्यावर आमच्या सगळ्यांच्या चौकटी असतात. एकेक जण नाव पुकारलं की अर्धं मिनिट तिसऱ्या पायरीवर सुटतो, बाकीचे हलकं पेडल मारत त्याच्याकडे बघतात, ओरडतात. सायकलचे प्रशिक्षक याला इंटरव्हल म्हणतात आणि ते करून घेताना त्यांचा घसा बसतो. आमच्याकडे काकासुद्धा आपली पाळी चुकवत नाहीत. शेवटी वेळापूरचा धावा. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले अशी श्रद्धा आहे, म्हणून वारकरीही तो उतार धावत उतरतात. आमची शेवटची दोन मिनिटं त्यासाठी राखलेली.

सगळ्यांनी मिळून गजर करावा, ही हुक्की प्रत्येक नव्या माणसाला येते. व्हिडिओ कॉलवर ते जमत नाही. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो. न्यू जर्सीचा टाळ इथे येईपर्यंत इथला मृदंग पुढच्या आवर्तनात गेलेला असतो आणि नुसता गोंधळ माजतो. म्हणून टाळ एकाच्याच हाती, बाकी सगळे म्यूट. तो मिनिटाला ऐंशीच्या आसपास ठोके धरतो. पाच मिनिटांत प्रत्येक चौकटीतले गुडघे त्या ठेक्यावर यायला लागतात. कुणाला सांगावं लागत नाही.

याला वारी म्हणू नका, असं ग्रुपमधल्या एका माळकरी मित्राने सुरुवातीलाच बजावलं होतं. त्याचं बरोबर आहे. चालणं नाही, चिखल नाही, राहुटी नाही, दुसऱ्याच्या घरची भाकरी नाही, तर वारी कसली? आम्ही ‘पालखी मार्ग राइड’ एवढंच म्हणतो. शेवटी पडद्यावर विठ्ठलाचा फोटो लावून दर्शनाचा देखावा करत नाही.

बाकी कल्पनांचं म्हणाल तर ज्या रस्त्याला स्वतःचा आकार आहे तो चालतो. मुंबई-पुणे शर्यत उत्तम : खोपोलीपर्यंत सपाटीवर दामटायचं, मग बोरघाट, आणि वर पहिला पोचेल तो ‘घाटाचा राजा’. हा खेळ अर्थात स्मार्ट ट्रेनरवाल्यांचा. दिवाळीची राइड मात्र साफ पडली. सगळ्यांनी मागे आकाशकंदील लावले, ते दहा मिनिटांत बघून झाले, पुढे चाळीस मिनिटं भिंतीकडे बघत पेडल. व्हॅलेंटाइन, होळी, योग दिन वगैरेंची गतही तीच होईल, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

आणि बक्षीस आलं की लबाडी आलीच. २०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय ई-रेसिंग स्पर्धेचा विजेता कॅमेरॉन जेफर्स याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. वर सहा महिने बंदी आणि २५० पौंड दंड. झ्विफ्टवरची एक वेगवान आभासी सायकल मिळवायला पन्नास हजार मीटरची चढाई करावी लागते. त्याने ती पायांनी न करता संगणकाच्या प्रोग्रामकडून करून घेतली होती. म्हणजे खोटा डोंगर, चढणारा खोटा, मिळालेली सायकलही खोटी, दंड तेवढा खरा. आपल्याकडे मोबाइल स्कूटरच्या डिकीत टाकून किलोमीटर ‘भरणारे’ लोक ऐकून माहीत आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जिथे अंतराच्या नोंदीपलीकडे काही मागितलेलंच नाही, तिथे ते मागितलेली नोंद देतात.

हे वाचून कुणाला आपल्या सोसायटीत किंवा ग्रुपमध्ये असं काही करावंसं वाटलं, तर चार व्यवहाराच्या गोष्टी. घरात समोरून वारा लागत नाही, त्यामुळे घामाचा पाऊस पडतो. मोठा पंखा थेट छातीवर घ्या, हँडलवर टॉवेल टाका, नाहीतर घामाने सायकल गंजते. ट्रेनरखाली जाड चटई हवीच, खालच्या मजल्यावर रविवारी सकाळी साडेसहाला माणसं झोपलेली असतात. पावसाळ्यात वीज जाणार हे धरूनच चाला. टाळ धरणाऱ्याच्या जोडीला दुसऱ्या गावातला, मोबाइल डेटावरचा एक जण तयार ठेवा, कारण टाळ थांबला की निम्मे लोक चहाला उठतात आणि परत येत नाहीत. नव्या माणसाला आदल्या दिवशी फोन करून तीन पायऱ्या समजावून सांगा, राइडमध्ये सांगत बसू नका.

आणि मेडल छापू नका. ते पैसे कुणाला तरी चुंबकाचा जुना ट्रेनर घेऊन द्यायला वापरा. धावा झाला की कॉल बंद करा. आभारप्रदर्शन नको, ग्रुप फोटो नको, पुढच्या कार्यक्रमाची घोषणा तर नकोच. आमच्याकडे सात वाजून वीस मिनिटांनी पडदा काळा होतो, आणि पुढच्या वर्षी आमंत्रण न पाठवता माणसं येतात.