फराळानंतरची मोरी

दिवाळी जवळ आली की आपण माळ्यावरची भांडी उतरवतो, पडदे धुतो, डबे घासून उन्हात वाळवतो. या साऱ्या सफाईत एका जागेची आठवण कोणालाच होत नाही, ती म्हणजे सिंकखालची नळी. मग ती स्वतःच आपली आठवण करून देते, आणि तीही बहुधा पाहुणे फराळाला बसले असताना! प्लंबर त्या दिवशी गावी गेलेला असतो. म्हणून भगिनींनो, चकल्या-करंज्यांच्या कृती इतर पानांवर आहेतच. या पानावर आपण फराळानंतरच्या भांड्यांचे बोलू.

नळी एका दिवसात तुंबत नाही. मुख्य गुन्हेगार स्निग्ध पदार्थ. तूप आणि वनस्पती गार झाले की नळीच्या अंगाला थिजून बसतात. तेल तसे थिजत नाही. पण त्यात बेसनाचा गाळ, भाजणीचा चुरा आणि भाताची शिते मिसळली की चांगला चिकट लगदा होतो. “मी तर गरम पाणी आणि भरपूर साबण वापरते,” असे कोणी म्हणेल. त्याने तेल सिंकमधून जाते खरे, पण पुढे पाणी निवले की ते पुन्हा वेगळे होऊन नळीत चिकटते. जड पाण्यातल्या चुन्याशी संयोग झाला, तर त्याचा खडूसारखा कठीण थर बनतो. परातीची कणीक, चहाचा चोथा आणि खोबऱ्याचे तंतू त्या थरात अडकत जातात.

तेव्हा पहिला नियम असा: आधी पुसावे, मग धुवावे. कढई, झारा, तुपाचे पातेले रद्दीच्या कागदाने पुसून घ्यावे आणि कागद कचऱ्यात टाकावा. पूर्वी भांडी राखेने घासत, तेव्हा राखच तेल शोषून घेई. आता राख गेली, तिचे काम कागदाला द्यावे. परातीची कणीक वाळू द्यावी, म्हणजे ती खरवडून निघते. सिंकच्या तोंडाशी बारीक जाळी ठेवावी आणि तीत साचलेले ओल्या कचऱ्यात झाडावे. रांगोळीची भुकटीही सिंकमध्ये धुऊ नये. ती दगडाची असते, विरघळत नाही.

तळणीचे उरलेले तेल मोरीत कधीही ओतू नये. पुनःपुन्हा तापवलेले तेल खाण्यासही योग्य नसते. टाकायचे तेल गार करून बाटलीत साठवावे. अशा तेलापासून बायोडिझेल करता यावे म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 साली योजना सुरू केली. गावात तेल गोळा करणारे असतील तर त्यांना द्यावे. नसतील तर लाकडाच्या भुशात किंवा कागदात जिरवून कचऱ्यात टाकावे.

आठवड्यातून एकदा सिंकला बूच लावून ते साबणाच्या गरम पाण्याने भरावे आणि बूच एकदम काढावे. पाण्याच्या लोंढ्याने नळी धुऊन निघते. मात्र उकळते पाणी ओतू नये. प्लॅस्टिकच्या नळीचे सांधे त्याने ढिले होतात.

एवढे करूनही तुंबलेच, तर लाकडी दांड्याला रबरी वाटी लावलेला पंप घ्यावा. सिंकमध्ये चार बोटे पाणी ठेवून वरचे जादा पाण्याचे भोक ओल्या फडक्याने दाबावे आणि वीसेक वेळा जोराने पंप मारावा. तेही न जमले, तर खाली बादली ठेवून वळणाचा भाग हाताने फिरवून काढावा व धुवावा. तो परत बसवण्यास विसरू नये. त्यातले पाणीच गटाराची घाण घरात येऊ देत नाही. सुट्टीत गावी गेल्यावर हे पाणी आटते आणि वास येतो. परतल्यावर तांब्याभर पाणी ओतले की झाले.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसतो फार, पण दोघे एकमेकांनाच मारून टाकतात. थराला त्यांचा उपद्रव थोडाच. कॉस्टिक सोडा जोरकस खरा, पण तो हात-डोळे जाळतो. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड तर एकत्र करूच नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आपल्या मोरीतून गेले ते नाहीसे होत नाही, एवढे ध्यानात असावे. 2017 साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि कचऱ्याचा सुमारे 250 मीटर लांबीचा, 130 टनांचा गोळा सापडला. इतके दूर कशाला, इमारतीची नळी सामाईक असते. चौथ्या मजल्याचे तूप तळमजल्याच्या सिंकमध्ये उलटून वर येते. त्याही पुढे रस्त्याचे गटार तुंबते. ते साफ करण्यास माणसाला संरक्षक साधनांवाचून आत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरले, तरी गटारात गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या आपण अजूनही वाचतो. त्यांच्याही घरी दिवाळी असते.

तेव्हा यंदा कढई उतरवण्यापूर्वीच शेजारी रद्दीचे चार कागद आणि एक रिकामी बाटली मांडून ठेवा. दिवाळी सर्वांना सुखाची जावो!