पद गेलें, दार उघडेंच

जर्मनीचे कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे २००९ सालीं, अवघे ३७ वर्षांचे असतांना, मंत्री झाले. डॉक्टरेटच्या प्रबंधांतील वाङ्मयचौर्य उघडकीस आल्यानें २०११ सालीं त्यांस संरक्षणमंत्रिपद सोडावें लागलें. मग त्यांनीं सल्लागार पेढी काढली. आणि २०१९ सालीं वायरकार्ड कंपनीची तरफदारी करण्यास चॅन्सेलर मर्केल यांचें दार त्यांस उघडेंच होतें! पुढील वर्षीं ताळेबंदांतील १९० कोटी युरो सांपडेनात व ती कंपनी बुडाली.

अशा मध्यस्थांची नोंद जर्मनीनें २०२२ पासून सक्तीची केली. आपल्या देशांत तसा कायदा नाहीं. बियाणें, खतें, साखर यांविषयींचे निर्णय जेथें होतात, तेथें कोण कोणाच्या वतीनें बोलतो हें जाणण्याचा हक्क शेतकरीबंधूंनीं मागितलाच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.