आवाजाचं बटण कुणाच्या हातात?

परवा एका मित्राचा फोन आला. घरच्या घरी छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ टाकतोय. माइक कुठला घेतला, प्रीअँप कुठला, भिंतीला फोम किती इंचाचा लावला, हे सगळं त्याने अर्धा तास रंगवून सांगितलं. मी विचारलं, "आणि गाणाऱ्याच्या हेडफोनचं काय?" तर म्हणतो, "त्याचं काय एवढं? बाजारात स्प्लिटर मिळतो की. ऐकू आलं म्हणजे झालं!"

हे "ऐकू आलं म्हणजे झालं" मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता एकदा नीट भांडून घ्यायचं ठरवलंय. पण आधी कबुली देतो. एके काळी हे वाक्य माझंच होतं.

घरच्या मंडळींना आठवत असेल, काही वर्षांपूर्वी मी आजीची पदं मावशीच्या आवाजात रेकॉर्ड करायचा घाट घातला होता. एकूण अकरा पदं. शब्द वहीत आहेत, पण चाली फक्त मावशीच्या डोक्यात. मावशी आतल्या खोलीत, तबल्यावरचा मित्र हॉलमध्ये, आणि तानपुऱ्याचं मशीन दोघांच्याही हेडफोनमध्ये. माझ्या ऑडिओ इंटरफेसला हेडफोनचं भोक एकच, म्हणून त्याला स्प्लिटर लावला. मावशीला प्रेमाने माझ्याकडचा सगळ्यात भारी हेडफोन दिला, २५० ओहमचा. मित्राने स्वतःचा आणला होता, ३२ ओहमचा.

पहिलं पद मावशीने एकटीनेच म्हणून पाहिलं. अगदी सुरेल. मग मित्राने आपली पिन खोचली आणि तिथून सगळं बिघडलं. तो म्हणाला, "फार मोठ्याने येतंय रे, कमी कर." मी कमी केलं. मावशी काहीच बोलली नाही, ती तक्रार करणाऱ्यातली नाहीच. पण सूर उतरायला लागला. मी दारातून सांगत राहिलो, "मावशी, खाली जातेयस." ती पुन्हा म्हणायची, पुन्हा उतरायची. दिवसभरात अकराही पदं कशीबशी झाली. शेवटी हेडफोन काढून ठेवत म्हणाली, "राहू दे रे बाळा, माझा गळा गेला आता."

मी चहा टाकला. आणि तिला ते खरं वाटू दिलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गणित आठवी-नववीच्या वरचं नाही. स्प्लिटरवर दोन्ही हेडफोनना व्होल्टेज एकच मिळतं, पण ज्याचा ओहमचा आकडा लहान तो जास्त शक्ती ओढतो. म्हणजे ३२ ओहमवाला २५० ओहमवाल्याच्या जवळजवळ आठपट. शिवाय माझ्या इंटरफेसच्या हेडफोन आउटपुटचा स्वतःचा अडथळाच ५० ओहमच्या आसपास होता. मावशी एकटी असताना साधारण ८३ टक्के व्होल्टेज तिच्यापर्यंत पोचत होतं. मित्राची पिन आत गेली की ते ३६ टक्क्यांवर. म्हणजे मी बटणाला हातही न लावता तिचा आवाज सात डेसिबलने पडला, आणि वर मित्राच्या सांगण्यावरून मी तो आणखी कमी केला. बिचारीला तानपुरा ऐकूच येत नव्हता. मग ती सूर धरणार कशाला?

आता काही जण म्हणतील, जुने गायक कुठे हेडफोन लावत होते? बरोबर. पण ते साथीदारांच्या शेजारी बसून गात. तबला, पेटी, तानपुरा सगळं थेट कानावर येत होतं. आपण काय करतो? तबल्याचा आवाज गाण्याच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून गाणारीला वेगळ्या खोलीत बसवतो, दार लावून घेतो. म्हणजे तिच्या कानावरून साथ आपणच काढून घेतली. ती नीट परत देणं हे आपलंच काम. हेडफोन अँप्लिफायर म्हणजे ही परतफेड आहे, चैन नव्हे.

दुसऱ्या टोकाचे लोकही तितकेच वैताग आणतात. यांना व्हॉल्व्हचा अँप हवा, क्लास-ए हवा, विकृतीच्या आकड्यात दशांशचिन्हानंतर तीन-चार शून्यं हवीत. अरे बाबांनो, घरी रात्री आरामखुर्चीत बसून ऐकायला खुशाल घ्या. पण गाताना स्वतःचा आवाज हाडांतूनही कानात येत असतो, समोर माइक, हातात वही, जीव टांगणीला. तिथे त्या चौथ्या शून्याचा काय उपयोग? चार जण वाजवणार असतील तर एक भारी अँप चौघांच्या काहीच कामाचा नाही. साधे चार हवेत.

माझं म्हणणं सरळ आहे. स्टुडिओतला हेडफोन अँप चारच गोष्टींवर जोखावा.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: प्रत्येकाला स्वतंत्र बटण, आणि ते वाजवणाऱ्याच्या हाताशी. माझ्या टेबलावर नको.

दुसरी: आउटपुटचा अडथळा कमी. हेडफोनच्या ओहमचा एक अष्टमांश किंवा त्याहून कमी, हा सोपा नियम. आयईसी ६१९३८ या १९९६ च्या मानकात १२० ओहमचा उगम धरला होता. त्याच्यावर ३२ ओहमचा हेडफोन लावला तर बहुतेक व्होल्टेज वाटेतच संपतं, आणि बऱ्याच हेडफोनचा बासही बदलतो.

तिसरी: सगळे हेडफोन सारखे. एकच मॉडेलही वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतं. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये आलेला आहे. खोक्यावरचा आकडा न वाचता तीन घेतलेत, तर तीन माणसांना तीन वेगळे आवाज ऐकू येणार.

चौथी: दांडगाई सोसायची ताकद. कुणीतरी मोनो पिन स्टिरिओ सॉकेटमध्ये खोचणारच, आणि उजवी बाजू शॉर्ट होणारच. तेवढ्याने अँप मरता कामा नये.

हे सगळं करणारे चार जणांचे तयार डबे मिळतात, आणि ते बऱ्या माइकच्या मानाने पुष्कळ स्वस्त असतात. मी मात्र हट्टाने घरी बनवला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी एक चक्कर मारली. एनई५५३२ ही सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेली आयसी घेतली. ती ६०० ओहमचा भार उचलायला बनलेली, आजही सहज मिळते. एका आयसीत दोन अँप, म्हणजे डावा-उजवा भागला. चार माणसांना चार आयसी, चार दुहेरी लॉग पॉट, १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, ७८१५ आणि ७९१५ रेग्युलेटर, आणि प्रत्येक आउटपुटला शॉर्टपासून आडोसा म्हणून १० ओहमचा रेझिस्टर. ही आयसी साधारण ३८ मिलिअँपिअरच्या पुढे करंट देत नाही, पण ८० ओहमच्या हेडफोनला तेवढा पुरून उरतो. १० हा ८० चा अष्टमांश, म्हणजे वरचा नियमही पाळला गेला. (वीजपुरवठ्याची बाजू जाणकाराकडून तपासून घ्या. २३० व्होल्टला आपल्या उत्साहाचं कौतुक नसतं.)

बटण हाताशी हवं म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. कान. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबल आठ तास चालेल, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. तालाच्या नादात वाजवणारे तिथे सहज पोचतात. दुसऱ्या खोलीत बसलेल्या मला ते कळणार कसं? ज्याचा कान त्याच्या हाती बटण. आपण ऐकायला बसलेले लोक वाजवणाऱ्याच्या कानावर हुकूम चालवतो, आणि मग सूर चुकला की दोषही त्यालाच देतो. मला खरा राग याचा आहे.

मागच्या दिवाळीत मावशी आली होती. नवा डबा तिच्या शेजारी ठेवला आणि म्हटलं, "हे तुझं बटण, मी हात लावणार नाही." मला वाटलं, ती आवाज वाढवेल. तिने थोडा वाढवला, मग थोडा कमी केला, एका कानावरून हेडफोन मागे सरकवला आणि म्हणाली, "हं, आता ठीक." एका दुपारी आठ पदं झाली. एकदाही सूर उतरला नाही.

आठच. उरलेल्या तिनांच्या चाली तिला आता नीट आठवत नाहीत. त्या फक्त त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आहेत, उतरलेल्या सुरात.

मित्राला मी कळवलंय, माइक एक पायरी खालचा घे, पण चार बटणांचा डबा घे. तो हसला. हसू दे. ज्यांना अजून भांडायचंय त्यांनीही खुशाल भांडावं.

आणि मावशी, तू हे वाचशीलच. तुझा गळा गेला नव्हता गं. माझं गणित चुकलं होतं, आणि ते तेव्हाच सांगायला हवं होतं.