पन्हळीवर जाळी बसवण्याआधी झाड पाहा

उन्हाळा सरत आला की कन्हान-कामठी पट्ट्यातल्या जुन्या घरांत एक वाद दरवर्षी निघतो. वळचणीची पन्हळ पाल्याने गच्च भरलेली असते, गेल्या पावसाळ्यातला ओलीचा डाग भिंतीवर तसाच असतो आणि घरातला तरुण मुलगा म्हणतो, "अब्बा, हा निंबच काढून टाकू. ना पाला राहील, ना कटकट." अब्बा गप्प. अम्मी मात्र म्हणते, "बेटा, मे महिन्यात टिनाखाली बसून रोट्या तू लाट, मग निंबाचं बोल."

यावेळच्या सदरात आम्ही अम्मीच्या बाजूचे आहोत. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत टिनपत्र्यावर झाडाची सावली असणे आणि नसणे यातला फरक ज्यांचा दिवस त्या टिनाखाली जातो त्यांनाच विचारावा. दुसरी गोष्ट कायद्याची. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड आपल्या अंगणात असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. मोठी फांदी छाटायची असली तरी आधी नगरपरिषदेत विचारून घेतलेले बरे. तेव्हा झाड राहू द्या. पन्हळीचे काहीतरी करा.

करायचे काय, तर पन्हळीवर जाळी. बाजारात आता 'गटर गार्ड' या नावाने तयार पट्ट्या मिळतात आणि दुकानदार सांगतो की एकदा बसवा आणि विसरा. हे विसरण्याचे वचन खोटे आहे. कुठलीही जाळी साफसफाई संपवत नाही. चांगली जाळी ती कमी करते आणि सोपी करते. वाईट जाळी घाण नजरेआड करते, आणि पन्हळ उघडी असताना दिसणारा गाळ जाळीखाली दोन वर्षे कुजत राहतो. म्हणून आमचा पहिला नियम: जी जाळी एका हाताने काढता येत नाही ती बसवू नका.

दुसरा नियम झाडाचा. कडुनिंबाची पाने साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, एप्रिलच्या सुमारास बारीक फुलांचा सडा पडतो आणि ऐन पावसाच्या तोंडावर, जून-जुलैत, निंबोळ्या टपकतात. पानाच्या एकेका पात्याची लांबी दीड ते तीन इंच, निंबोळी अर्ध्या इंचापेक्षा थोडी जाड. म्हणजे पाव इंची चौकोनांची जाळी पानेही अडवते आणि निंबोळ्याही. फुले तिच्यातून खाली जातात, पण ती पाण्याबरोबर वाहून जातात, त्यांची काळजी नको. त्रास देतात त्या पाने झडल्यावर उरलेल्या काड्या. त्या जाळीच्या भोकात सुयांसारख्या उभ्या अडकतात, मग त्यांच्यामागे पाला अडतो. जाळी सपाट ताणण्याऐवजी कमानीसारखी वर उचललेली ठेवली की बऱ्याचशा काड्या वाऱ्यानेच घसरतात.

चिंच आणि गुलमोहर यांचे गणित उलटे. त्यांची पाने इतकी बारीक की पाव इंची जाळीला जुमानत नाहीत. मग लोक मच्छरदाणीसारखी बारीक जाळी लावतात. आमच्या मते आपल्याकडे ते फसते. कन्हानला कोळशाच्या खाणी जवळ, भरलेले ट्रक रस्त्यावर, धूळ प्रत्येक छपरावर बसते. ती धूळ, चिंचेचा चुरा आणि पहिल्या सरीचे चार थेंब एकत्र आले की बारीक जाळीवर काळा लेप चढतो आणि पाणी जाळीवरून उडी मारून थेट ओट्यावर पडते. चिंचेखालच्या घराला आमचा सल्ला असा: जाळी नकोच. पन्हळ रुंद घ्या, उतार जरा जास्त द्या, खाली उतरणारा पाईप चार इंची ठेवा आणि तो बारीक पाला पाण्याबरोबर वाहून जाऊ द्या. गुलमोहराच्या शेंगा तेवढ्या हाताने उचलाव्या लागतात.

सागाचे आणि देशी बदामाचे पान मोठे. ते कुठल्याही जाळीच्या आत जात नाही, पण जाळीवर ताटासारखे पसरते. दहा-बारा पाने ओली होऊन एकमेकांवर चिकटली की जाळी म्हणजे जणू झाकणच. तिथे भोकांपेक्षा उतार महत्त्वाचा, म्हणजे जाळी बाहेरच्या बाजूला चांगली कललेली हवी. पिंपळ-वडाचे पान तसे सोपे, बी मात्र चिवट. पक्ष्यांच्या विष्ठेतून ते पन्हळीत पडते आणि ओला गाळ मिळाला की रुजते. मुळी पत्र्याच्या सांध्यात शिरण्याआधी, रोप बोटभर असतानाच उपटावे.

आता साहित्य. आमची पसंती हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पाव इंची जीआय वेल्डमेश जाळीला. ती ताठ असते, वाकवली तशी राहते. मुर्गी जाळी स्वस्त पडते, पण पाल्याच्या वजनाने झोळीसारखी खाली येते. हिरवी शेडनेट पन्हळीवर ताणलेली अनेक घरांवर दिसते. दोन उन्हाळ्यांत तिचे धागे सुटू लागतात आणि तेच पाईपात जाऊन अडकतात. पन्हळीत भरायचे फोमचे तुकडेही मिळतात. ते ओल धरून ठेवतात आणि त्यात बी उत्तम उगवते, म्हणजे आपणच पिंपळाला कुंडी दिली. भोकाच्या अल्युमिनियम पट्ट्या टिकाऊ असतात, पण महाग. आणि रामटेककडच्या वानरांची टोळी तुमच्याही छपरावर उड्या मारत असेल तर प्लास्टिकच्या पट्टीवर पैसे घालू नका, ती पहिल्याच उडीत तडकते. पन्हळ जीआयची असेल तर जाळी आणि बांधायची तारही जीआयचीच घ्या. जस्ताच्या पत्र्यावर स्टेनलेस स्टीलची जाळी ओली होऊन टेकत राहिली तर जस्ताचा थर लवकर जातो.

जाळी चढवण्याआधी पन्हळ रिकामी करून घासून घ्या. नुसता पाला काढणे पुरत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी चिकटवतो, ती अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी लागले की उमलतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाव इंची जाळीतून डास आरामात आतबाहेर करतो, तेव्हा जाळी बसवली म्हणजे डासांचा बंदोबस्त झाला असे समजू नये. बंदोबस्त उताराने होतो. दर दहा फुटांना निदान अर्धा इंच उतार पाईपाच्या दिशेने हवा. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनीही पन्हळीत कुठे पाणी चमकत असेल तर तिथला ब्रॅकेट खाली बसला आहे. आधी तो उचलून घ्या, जाळीचे मग बघू.

पन्हळ सहा इंच रुंद असेल तर जाळीची पट्टी आठ इंच रुंद कापा आणि तीन-तीन फुटांचे तुकडे करा. पूर्ण लांबीची एकच पट्टी बसवायला छान दिसते, पण काढायची वेळ आली की शिडीवर उभ्या माणसाला ती आवरत नाही. कापलेल्या तारांची टोके पक्कडने आत वळवा, नाहीतर पुढच्या साफसफाईला हात रक्तबंबाळ. पट्टीला हलकी कमान द्या. मागची कड पत्र्याच्या किंवा कवेलूच्या खाली नुसती टेकवायची, पुढची कड पन्हळीच्या ओठावर अडकवायची आणि तीन फुटांच्या तुकड्याला दोन ठिकाणी तारेचा एक-एक पीळ. पत्र्याला भोक पाडून स्क्रू मारायचा नाही. गळतीला दार आपण कशाला उघडून द्यावे? कवेलू उचलताना जोर लावू नका, जुने कवेलू हातात फुटते आणि तसे दुसरे आता सहजी मिळत नाही. मागची कड पुढच्या कडेपेक्षा उंच आहे ना, हेही पाहा. ती खाली झुकली तर थेंब तारेवरून मागे सरकत लाकडी वाशाकडे जातात आणि वासा कुजतो.

पन्हळ जिथे पाईपात उतरते ते तोंड सर्वांत नाजूक. पन्हळीवर जाळी असली तरी तिथे तारेचा एक घुमट वेगळा ठेवावा, पालथ्या वाटीसारखा उंच. सपाट गोल जाळी ठेवली तर चार पाने तिला बंद करतात. घुमटाच्या पायाशी पाने जमली तरी वरून पाणी जात राहते. पाईप खाली वळतो तिथे प्लंबरला सांगून 'डोअर बेंड' टाकून घ्या. त्याचे झाकण खोलून गाळ काढता येतो, पाईप कापावा लागत नाही. ज्यांचे घर स्लॅबचे आहे त्यांनीही गच्चीच्या पाणी जाण्याच्या भोकांना असाच उभा घुमट करावा. ६०० चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाणी साचले तर ते साधारण १४०० लिटर, म्हणजे चौदाशे किलो. निंबाच्या पाल्याने दोन्ही भोके बंद झाली आणि चार इंच पाणी तुंबले की स्लॅबवर साडेपाच टन वजन. जुन्या स्लॅबला हे सोसवेल की नाही, ते पाऊस पडत असताना तपासायचे नसते.

हेच पाणी नीट खाली आले तर दौलत आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेवढ्याच ६०० चौरस फुटांवरून वर्षाचे ५० हजार लिटरहून जास्त पाणी उतरते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी काळे येते, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. ते सोडून द्या. नंतरचे टाकीत घेऊन कपडे, अंगण, झाडे यांना वापरा किंवा विहिरीकडे वळवा.

पण पाणी खाली नेताना ते कुणाच्या भिंतीवर जाते, हे बघायलाच हवे. कन्हानच्या जुन्या वस्त्यांत दोन घरांमध्ये हातभर बोळ असते. आपली पन्हळ तुंबली की ओल आपल्या घरात येण्याआधी शेजारच्या भिंतीत जाते. पन्हळीचा वाद आपल्या इतिहासातही आहे. रिवायतीत येते की हजरत अब्बास (रजि.) यांच्या घराची पन्हळ मशिदीच्या वाटेवर गळे. एका जुम्याच्या दिवशी तिचे पाणी हजरत उमर (रजि.) यांच्या कपड्यांवर पडले आणि त्यांनी ती काढायला लावली. ही पन्हळ खुद्द अल्लाहच्या रसूलांनी (स.) इथे बसवली होती, हे अब्बास (रजि.) यांनी सांगितल्यावर खलिफांनी त्यांना आपल्या पाठीवर उभे करून ती पुन्हा जागच्या जागी लावायला सांगितले. ही कथा आपण हजरत उमर (रजि.) यांच्या नम्रतेसाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. घराघरातल्या कामासाठी तिच्यातली आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते: वाटेवर गळणाऱ्या पन्हळीची दखल प्रत्यक्ष खलिफाने घेतली. तेव्हा शेजारच्या काकू "तुमच्या निंबाचा पाला आमच्या पन्हळीत येतो" म्हणाल्या तर झाडाची बाजू घेऊन भांडू नका. जाळी कापतच आहात तर बोळाच्या बाजूने त्यांच्याही पन्हळीचे तुकडे कापा. झाड आपले, सावली दोघांची, तर पाल्याचा खर्च आपण उचलावा. एवढ्यावर झाड वाचत असेल तर ते स्वस्तात वाचले.

कामाला माणूस चढवण्याआधी छप्पर कशाचे आहे ते त्याला सांगा. या भागात सिमेंटच्या पत्र्यांची छपरे बरीच आहेत. हा पत्रा वरून मजबूत दिसतो, पण जुना झाला की माणसाच्या वजनाने अचानक फुटतो आणि माणूस थेट खाली जातो. त्यावर पाय ठेवायचाच नाही, काम बाहेरून शिडीवरूनच. जुन्या सिमेंट पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते, म्हणून त्यावर कोरडा ब्रश घासू नये, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. आधी पाणी मारावे. खांबावरून घरात येणारी विजेची वायर वळचणीला लागून जाते का, तेही पाहा. लोखंडी शिडी आणि हातातली जाळीची लांब पट्टी, दोन्हींतून वीज वाहते. खाली शिडी धरायला एक माणूस हवाच, आणि तो मोबाईल खिशात ठेवणारा हवा.

हे सगळे मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटपा. मोठी पानगळ तोवर होऊन गेलेली असते. पुढे निंबोळ्या आणि वादळाने पडलेल्या डहाळ्या, त्यासाठी दर पंधरा दिवसांनी बांबूला झाडू बांधून जाळीवरून फिरवला की पुरते. पावसाळ्यात एकदा, ऑगस्टच्या सुमारास, दोन-तीन तुकडे काढून आत गाळ किती ते बघा.

जाळी बसली की कारागिराचे पैसे देण्याआधी पन्हळीच्या वरच्या टोकाला जाळीवरूनच एक बादली पाणी ओतायला सांगा आणि तुम्ही पाईपाच्या खालच्या तोंडाशी उभे राहा. बहुतेक सगळे पाणी मिनिटभरात तिथे आले पाहिजे. ते कमी आले तर कारागिराला वरच थांबायला सांगा आणि मधे कुठे ठिबकते ते वळचणीखाली उभे राहून पाहा.