कुठली वॉर्निंग चालू ठेवायची?

मंडळी, दुकानासाठी बिलिंगचं किंवा स्टॉकचं छोटं सॉफ्टवेअर कुणाकडून करून घेतलंय का? किंवा स्वतः शिकून केलंय? मग आजचा विषय तुमच्या खिशाचा आहे.

माझी लेबल छापायची स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे. दिवाळीच्या तोंडावर नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावर पायथन 3.12 टाकलं आणि स्क्रिप्ट ठप्प! तिच्यातली एक जुनी लायब्ररी 'डिस्टयुटिल्स'वर अवलंबून होती आणि 3.12 मध्ये तो भागच काढून टाकलाय. पायथन ही सूचना 2021 पासून, म्हणजे 3.10 पासून देत होतं. मला दिसलीच नाही, कारण 'डेप्रिकेशन वॉर्निंग' एरवी फक्त तुमच्या मुख्य फाइलमधून आली तरच दिसते. लायब्ररीच्या आतून आली की लपलेली. दोन दिवस हाताने लेबलं लिहिली.

पायथनमध्ये 3.7 पासून डेव्हलपमेंट मोड आहे. प्रोग्राम चालवताना 'मायनस एक्स डेव' जोडलं की या लपलेल्या सूचना दिसायला लागतात. उघडून बंद न केलेल्या फाइलचीही सूचना येते, तिचं नाव 'रिसोर्स वॉर्निंग'. हिला हलकं समजू नका. फाइल तशीच उघडी असताना लाइट गेली, तर शेवटची काही बिलं डिस्कवर उतरलेलीच नसतात. संध्याकाळी गल्ला जुळत नाही आणि आपण उगाच कामावरच्या पोरावर संशय घेतो.

मग सगळंच चालू का नाही? कुठल्या ओळीने किती मेमरी घेतली ते सांगणारं 'ट्रेसमॅलॉक' या मोडमध्ये मुद्दाम बंद ठेवलंय, कारण त्याने प्रोग्राम फार जड होतो. कोड बरोबर असेल तर जास्तीचा आवाज नको, असा त्यांचा हिशोब आहे. मला तो शंभर टक्के पटतो. दर पाच मिनिटांनी वाजणारा शटरचा अलार्म आपण तिसऱ्या दिवशी वायर काढून बंद करतो की नाही?

पण काही पोरं उलट टोक गाठतात. "सर, सगळ्या वॉर्निंग बंद केल्यात, स्क्रीन एकदम क्लीन!" अरे बाबा, स्क्रीन क्लीन झाली, चूक आहे तिथेच आहे.

काउंटरवर रोज हा मोड लावू नका, त्यातल्या जादा तपासण्यांनी काम मंदावतं. सॉफ्टवेअर ताब्यात घेताना आणि पायथनची आवृत्ती बदलायच्या आधी, तुमच्यासमोर एकदा चालवून दाखवायला सांगा. मी तर शेवटचा हप्ता ते बघितल्यावरच देतो.