मधल्या फळीचा मान

फुटबॉलच्या मैदानावर गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो. परंतु त्याच्या पायाशी नेमका चेंडू आणून देणाऱ्याचे नाव क्वचितच कोणाच्या ओठी येते. ही रीत न्याय्य नव्हे.

गोलावाचून सामना जिंकता येत नाही, हे खरे. तथापि गोलाची वाट मधल्या फळीतूनच जाते. प्रतिपक्षाची चढाई रोखणे आणि चेंडू मिळताच सोबत्यास मोकळी जागा शोधून देणे, हे दुहेरी काम मधल्या फळीतील खेळाडूस करावे लागते. गुणफलकावर त्या श्रमांची नोंद होत नाही.

क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचचे उदाहरण पाहावे. १९८५ साली झादर येथे त्याचा जन्म झाला. १९९१ च्या युद्धात त्याचे आजोबा मारले गेले व कुटुंब निर्वासित झाले. निर्वासितांना आसरा देणाऱ्या हॉटेलच्या आवारात तो चेंडू खेळे. देहाने किरकोळ म्हणून पुढे एका क्लबाने त्यास नाकारले. तरी त्याने सराव सोडला नाही. २०१८ च्या विश्वचषक स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली हा चिमुकला देश अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे फ्रान्सने ४-२ असा विजय मिळविला. परंतु स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला मॉड्रिच! त्याच्या नावावर गोल होते अवघे दोन.

परीक्षकांची ही दृष्टी शाळेच्या मैदानावरही असावी. गोल करणाऱ्याचा जयघोष अवश्य करावा. त्याच वेळी, त्यास चेंडू कोणी दिला, हेही विचारावे.